समासातील नोंद

धर्मग्रामाच्या कार्यालयात बसणाऱ्या धर्मगुरूला वर्षातून चार-दोन वेळा तरी एक विनंती ऐकावी लागते. कोणाला पासपोर्ट काढावयाचा असतो, कोणाला आखाती देशात नोकरी लागलेली असते, आणि स्नानसंस्काराच्या नोंदवहीतील नाव शाळेच्या दाखल्याशी जुळत नसते. "फादर, एवढी एक रेघ ओढा आणि वर नवे नाव लिहा. कोण पाहणार आहे?" असे मोठ्या काकुळतीने सांगितले जाते. आम्ही रेघ ओढीत नाही. दुरुस्ती रास्त असेल तर रीतसर अनुमती घेऊन समासात लिहितो. मूळची ओळ होती तशीच राहते. पुढे त्या व्यक्तीचा विवाह झाला म्हणजे तोही त्याच समासात नोंदला जातो. माणसे क्वचित रागावून जातात. परंतु ज्या वहीतील ओळ आज एकासाठी खोडता येते, त्या वहीवर उद्या दुसऱ्याने विश्वास का ठेवावा?

वह्यांशी असा नित्याचा संबंध असल्यामुळे इंग्लंडच्या पार्लमेंटचा इतिहास वाचताना आमचे लक्ष लढायांपेक्षा तेथील लेखनिकाच्या मेजाकडे अधिक गेले. हाऊस ऑफ कॉमन्सच्या कामकाजाची वही, जिला 'जर्नल' म्हणतात, ती १५४७ पासूनची आहे. हाऊस ऑफ लॉर्ड्सची तर १५१० पासूनची. या वह्यांत ५ नोव्हेंबर १६०५ चे एक पान आहे. पानावर त्या दिवसाचे नेहमीचे काम लिहिलेले आहे, आणि समासात लेखनिकाने बारीक अक्षरांत टिपून ठेवले आहे की, काल रात्री वरिष्ठ सभागृहाची झडती घेण्यात आली, जॉन्सन नावाचा एक नोकर पकडला गेला आणि त्याने तळघरात बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे रचली होती. जॉन्सन म्हणजेच गाय फॉक्स. राजासकट सारे पार्लमेंट उडवून देण्याचा हा कट रचणारे आमचेच धर्मबंधू होते, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यानंतर कॅथलिकांविरुद्धचे कायदे अधिकच कठोर झाले. आम्हांला नवल वाटते ते त्या लेखनिकाचे. ज्या इमारतीखाली मृत्यू रचून ठेवला होता तिच्यात बसून त्याने आधी दिवसाचे काम लिहिले, आणि कटासाठी समास वापरला.

ही जर्नले वाचावयास घेणाऱ्याची सुरुवातीस निराशाच होते. कोणते विधेयक कितव्यांदा वाचले, कोणती समिती नेमली, कौल किती विरुद्ध किती पडला, एवढेच त्यांत सापडते. सभागृहाने काय केले ते लिहावयाचे; कोण काय बोलले ते नाही, हा त्यांचा दंडक. जुने लेखनिक मधूनमधून भाषणांचे तुकडेही टिपीत असत, पण १६२८ साली सभागृहाने ते अनधिकृत ठरविले. यात आळस नव्हता. भीती होती, आणि ती राजाची होती. बोललेला शब्द वहीत उतरला की तो उद्या राजवाड्यात वाचला जाणार आणि बोलणारा तुरुंगात जाणार, हे सभासद अनुभवाने शिकले होते.

त्या अनुभवांतला सर्वांत बोलका प्रसंग १६२१ सालचा. राजा पहिला जेम्स याने सभासदांना बजावले होते की, परराष्ट्रनीती आणि राजपुत्राचा विवाह हे विषय तुमच्या अधिकारातले नव्हेत, आणि तुमचे हक्क ही आमच्या पूर्वजांची कृपा आहे. त्यावर १८ डिसेंबर रोजी सभागृहाने आपल्या जर्नलात एक निवेदन नोंदविले: पार्लमेंटचे हक्क हा प्रजेचा जन्मसिद्ध वारसा आहे, आणि राज्याच्या कोणत्याही विषयावर मोकळेपणाने बोलण्याचा सभासदांस अधिकार आहे. राजाने नाताळच्या दिवसांत ती वही मागवून घेतली, आणि ३० डिसेंबर रोजी आपल्या मंत्रिमंडळासमोर ते पान स्वतःच्या हाताने फाडले. त्यानंतर पार्लमेंट बरखास्त केले. राजाला वाटले, पान गेले म्हणजे गोष्ट संपली. पण निवेदनाच्या नकला बाहेर गेलेल्या होत्या. पुढे ते छापले गेले, आणि आज विद्यार्थी ते वाचतात, तेही त्याने पान फाडले या हकिगतीसकट.

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स याच्या वेळी प्रसंग याहून बिकट आला. ४ जानेवारी १६४२ रोजी तो सशस्त्र माणसांनिशी पाच सभासदांना पकडण्यासाठी कॉमन्सच्या सभागृहात शिरला. पाचहीजण आधीच निसटले होते. ते कोठे आहेत, असे राजाने विचारताच सभापती लेंथॉल यांनी गुडघे टेकून उत्तर दिले की, या जागी सभागृह सांगेल तेच पाहण्यास आम्हांस डोळे आणि तेच बोलण्यास जीभ आहे. हे उत्तर शाळेच्या पुस्तकांतून सर्वत्र पोहोचले आहे. मेजाशी बसलेल्या जॉन रशवर्थ या साहाय्यक लेखनिकाची गोष्ट मात्र कमी ठाऊक आहे. सभागृहाच्या हुकमाशिवाय त्याने भाषणे टिपू नयेत अशी त्याला ताकीद होती. तरीही राजा बोलू लागताच त्याने लघुलिपीत सारे उतरवून घेतले. त्याची लेखणी चाललेली राजाने पाहिली होती. त्याच संध्याकाळी त्याला बोलावणे आले आणि टिपणाची प्रत मागितली गेली. रशवर्थने नम्रपणे आठवण करून दिली की, सभागृहातील बोलणे राजाच्या कानी घातल्याबद्दल एका सभासदाला टॉवरमध्ये कोंडण्यात आले होते. राजा म्हणाला, दुसरा कोणी काय बोलला ते मी विचारीत नाही. मी स्वतः काय बोललो तेवढेच हवे आहे. मग राजासमोर बसून रशवर्थने ती प्रत उतरवून दिली. आपण नेमके काय बोललो हे जाणण्यासाठी इंग्लंडच्या राजाला एका कारकुनाकडे जावे लागले.

येथवर वाचकांची सहानुभूती पार्लमेंटकडे असणार, आमचीही होती. परंतु इतिहास इतका सरळ चालत नाही. राजाचे भय ओसरले, तरी राजापासून लपविण्याची सवय उरली, आणि आता तेच दार प्रजेच्या तोंडावर लावण्यात आले. १७३८ साली कॉमन्सने ठराव केला की, सभागृहातील भाषणे वृत्तपत्रांनी छापणे हा हक्कभंग होय. ज्यांनी मते देऊन पाठविले त्यांनाच आपला माणूस आत काय बोलला ते कळू नये, असा याचा अर्थ. मग मासिकांनी पळवाट काढली. एका मासिकाने लिलिपुट या काल्पनिक देशाच्या संसदेचा वृत्तान्त म्हणून, नावे किंचित बदलून, ही भाषणे छापली. काही वर्षे तो वृत्तान्त लिहिणारा लेखक म्हणजे सुप्रसिद्ध कोशकार सॅम्युअल जॉन्सन. तो सभागृहात जवळजवळ कधीच गेला नाही. कोण कोणत्या बाजूने बोलला एवढी माहिती घेऊन भाषणे घरीच रचीत असे. लोकांनी ती खरी मानली. मरणकाळी जॉन्सनला आपल्या साऱ्या लेखनात याच एका गोष्टीची टोचणी लागली होती. जेथे खरी नोंद मिळू दिली जात नाही तेथे कोणीतरी ती रचतो, आणि रचणारा जॉन्सनसारखा प्रामाणिक निघेलच, याचा भरवसा नसतो.

१७७१ साली प्रकरण निकरावर आले. भाषणे छापणाऱ्या काही मुद्रकांना कॉमन्सने हजर होण्यास फर्माविले. जॉन मिलर नावाच्या मुद्रकाला पकडण्यासाठी सभागृहाचा जासूद त्याच्या घरी गेला, तर मिलरने शिपाई बोलावून त्या जासुदालाच मारहाणीच्या आरोपाखाली धरून दिले. लंडनचे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांनी मिलरला सोडले आणि जासुदाकडून जामीन लिहून घेतला. सभागृह संतापले. त्याने मेयरच्या कारकुनाला त्याच्या वहीसकट बोलावले, आणि जामिनाची ती नोंद आपल्यासमोर खोडावयास लावली.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. बरोबर दीडशे वर्षांपूर्वी राजाने ज्यांच्या वहीचे पान फाडले होते, त्यांच्याच वारसांनी दुसऱ्याच्या वहीतील ओळ खोडविली होती. तेव्हाही पार्लमेंटमध्ये काहींनी त्या कृत्याची निर्भर्त्सना केली. क्रॉस्बी आणि ऑलिव्हर या दोघांना टॉवरमध्ये धाडण्यात आले. अधिवेशन संपताच ते सुटले तेव्हा लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. ठराव कोणी रद्द केला नाही, पण त्यानंतर भाषणे छापल्याबद्दल मुद्रकांना धरण्याची हिंमत सभागृहाला पुन्हा सहजासहजी झाली नाही. त्याच काळातला जॉन विल्क्स याला निवडून येण्यास अपात्र ठरविणारा १७६९ चा ठरावही सभागृहाने ३ मे १७८२ रोजी आपल्या जर्नलातून काढून टाकण्याचा हुकूम केला, कारण तो मतदारांच्या हक्कांचा घात करणारा होता. मात्र काढून टाकण्याचा हुकूम त्याच जर्नलात नोंदला गेल्यामुळे, काय काढले ते सर्वांस ठाऊक राहिले.

पुढची कथा सावकाश उलगडली. १८०३ मध्ये वार्ताहरांना प्रेक्षक-सज्जात मागची रांग राखून मिळाली. त्याच सुमारास विल्यम कॉबेटने वृत्तपत्रांतील वृत्तान्त जुळवून वादविवादांचे खंड काढण्यास आरंभ केला. १८१२ मध्ये तो उद्योग त्याच्या मुद्रकाच्या, थॉमस हॅन्सर्डच्या, हाती गेला. त्याचे आडनाव आज अनेक देशांत संसदीय वृत्तान्ताचे नाव झाले आहे. पार्लमेंटने स्वतःचे पगारी प्रतिवेदक नेमून अधिकृत वृत्तान्त सुरू केला तो थेट १९०९ साली. पुनरुक्ती आणि उघड चुका गाळाव्यात, पण अर्थात भर घालणारे काहीही गाळू नये, हा त्यांचा नियम. मिस्सेतील प्रवचने कोणी या नियमाने लिहून काढली, तर आम्हां धर्मगुरूंची कितीशी पाने उरतील, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

मध्यंतरी १६ ऑक्टोबर १८३४ रोजी मोठी आग लागली. पूर्वी सरकारी हिशेब लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवीत. ती पद्धत १८२६ मध्ये बंद झाल्यावर उरलेल्या काठ्यांचे ढीग लॉर्ड्सच्या तळघरातील भट्ट्यांत दिवसभर जाळण्यात आले. वर फरशी तापल्याचे लोकांना बुटांतून जाणवत होते, तरी कोणी थांबविले नाही. रात्री सारी इमारत पेटली. कॉमन्सचे बहुतेक जुने कागद नष्ट झाले. हस्तलिखित जर्नले तेवढी वाचविता आली. कायद्यांच्या चामड्यावरील मूळ गुंडाळ्या रस्त्यापलीकडच्या ज्युएल टॉवरमध्ये होत्या म्हणून बचावल्या. ३६ पिंपांना जे साधले नाही ते टाकाऊ हिशेबाच्या काठ्यांनी साधले.

आपल्या लोकसभेने ही नोंदीची शिस्त तेथूनच घेतली. मध्यभागी मेजाशी प्रतिवेदक बसतात, थोड्याथोड्या मिनिटांनी पाळी बदलतात आणि प्रत्येक शब्द टिपतात. असभ्य वा बदनामीकारक शब्द वगळण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्यांस आहे. पण छापील वृत्तान्तात त्या जागी फुल्या आणि खाली 'आदेशानुसार वगळले' अशी टीप येते. जागा कोरी दिसते, नाहीशी होत नाही. हा आमच्या समासाचाच भाऊ. मुद्रकांचा लढाही येथे पुन्हा खेळला गेला. संसदेतील कामकाजाचा खरा वृत्तान्त निर्वेधपणे छापता यावा, यासाठी फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. आणीबाणीत, १९७६ साली, तो रद्द करण्यात आला. रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे होते. १९७७ मध्ये तो कायदा पुन्हा आला, आणि पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने या हक्काला राज्यघटनेतच स्थान मिळाले.

घटना समितीच्या वादविवादांचे खंड मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. आम्ही त्यांतील ६ डिसेंबर १९४८ चे पान काढले होते. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क घटनेत असावा की नसावा, हा त्या दिवशीचा वाद. लोकनाथ मिश्र यांनी त्याला कडाडून विरोध केला. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सांगितले की, आपण सुमारे चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण कोणी आपले धर्मांतर करण्याचा प्रयत्न केला नाही. कन्हैयालाल मुन्शी हेही त्या शब्दाच्या बाजूने बोलले, आणि शब्द राहिला. मिश्रांचे भाषण वाचताना आम्हांस पदोपदी बोचत होते. तरी आम्ही ते शेवटपर्यंत वाचले. छपाई तीच, अक्षरांचा ठसा तोच, आणि एकही ओळ खोडलेली नाही.