टेपचं टोक धरा

खाली बसा, कान दाबा! सुरुंग उडतोय. धडाम! ऐकलंत? आता उठा, अंगावरची धूळ झटका आणि डोळे उघडा. तुम्ही भाटघरला आहात, शंभरेक वर्षं मागे. येळवंडीच्या पात्रात गव्हर्नर लॉईड यांच्या नावाचं धरण चढतंय. पुरं होईल तेव्हा ते ५,३३३ फूट लांब आणि १९० फूट उंच असेल. आत्ता मात्र इथे नुसता गलका आहे. छिन्नीवर हातोडे पडताहेत, मुकादम ओरडतोय, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजताहेत. भिजवलेल्या चुन्याचा वास नाकाला झोंबतो. उन्हाने तापलेल्या काळ्या दगडावर हात टेकू नका, चटका बसेल.

नुसतं बघत काय उभे राहिलात? टेपचं टोक धरा. आज मोजणी आहे आणि इथे मोजणीवरच मजुरी ठरते.

आधी दगडाचा चट्टा. लांबी १० फूट, रुंदी ५, उंची २. गुणा. १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. हे सोपं गेलं, कारण चट्ट्याच्या कडा सरळ आहेत.

आता मुरमाच्या खड्ड्यात उतरा. जपून, बाजू उतरत्या आहेत. आतली हवा कोंदट, गरम. घामाने टेप निसटतोय. मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवलाय, तो खोलीचा साक्षीदार. त्याच्या माथ्यावरचं गवत शाबूत आहे ना, ते आधी बघा. गवत नसेल तर कुणीतरी वर माती थापून उंची वाढवली असेल.

खोली ६ फूट. वरचं तोंड २० बाय २०, तळ १० बाय १०. घाईतला कारकून म्हणतो, ‘‘सरासरी १५ बाय १५, गुणिले ६. तेराशे पन्नास.’’ काठावर रिकामी पाटी घेऊन उभी असलेली बाई कळवळून म्हणते, ‘‘रावसाहेब, नीट बघा की, चार दिस खपलोय आम्ही.’’

तिचं ऐका. वरचं क्षेत्रफळ ४००. खालचं १००. बरोब्बर मध्यावरचं २२५, त्याची चौपट ९००. तिन्हींची बेरीज १,४००. तिला ६ ने भागा, खोलीच्या ६ ने गुणा. घनफळ १,४०० घनफूट, चौदा ब्रास. घाईच्या हिशेबात अर्धा ब्रास गायब झाला होता. तो अर्धा ब्रास तिने डोक्यावरून वाहिलाय. वहीत चौदाच लिहा, स्वच्छ अक्षरात.

आता चला टेकडीवर. वारा लागतोय? समोरची दरी बघा. तिला ना सरळ कड, ना सपाट तळ. तरी तिच्यात पाणी किती मावेल, हे आधी काढावं लागतं. समान उंचीच्या रेषांनी दरीचे आडवे थर पाडायचे, प्रत्येक थराचं क्षेत्रफळ काढायचं, जाडीने गुणायचं आणि सगळे थर मिळवायचे. खड्ड्यात केलंत तेच, फक्त खड्डा डोंगराएवढा.

आजच्या पेपरात भाटघरचा साठा भरल्यावर सुमारे साडेतेवीस टीएमसी छापून येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, त्या बाईच्या मापात एक कोटी ब्रास. आता तो आकडा वाचाल तेव्हा तो किती मोठा आहे, हे तुमच्या खांद्यांना कळेल. आणि कुणाच्या कष्टाचं माप घ्यायची वेळ आली, तर मधलं माप चुकवू नका.