चाकाची धाव : एका गार्डन ट्रॅक्टरच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने ट्रॅक्टरच्या टायरवर व्याख्यान द्यावे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींना छपाईची चूक वाटली असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांस व्याकरणाबरोबर हस्तव्यवसायही शिकवीत असत. ज्या मुलाला हत्याराचे नाव सांगता येत नसे, त्याच्या हाती ते हत्यार देत नसत. आजचा विषय त्यांना खचितच परका वाटला नसता.

आरंभ शब्दापासून करतो. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी बसवितात तिला आपण 'धाव' म्हणतो. तुंबा, आरे, पुठ्ठे हे सारे लाकडाचे. जमिनीशी गाठ पडते ती धावेची. लोहार ती भट्टीत लाल करी, फुगलेली असतानाच चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. आकसताना ती चाकाचे सगळे सांधे आवळून घेई. इंग्रजी 'टायर' या शब्दाचे मूळ पोषाखाशी, चाकाला चढविलेल्या साजाशी जोडले जाते. आपल्या पूर्वजांनी साज पाहिला नाही, काम पाहिले, याचे मला कौतुक वाटते. धाव ही झिजण्यासाठीच असते. ती बदलली म्हणून गाडी निराळी झाली असे कोणी शेतकरी म्हणत नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील बहुतेक ट्रॅक्टर लोखंडी चाकांवरच चालत. हेन्री फोर्ड यांचा १९१७ सालचा फोर्डसनही त्याला अपवाद नव्हता. मागच्या चाकांना लोखंडी दाते असत. ते जमिनीत रुतून पकड घेत. नांगरटीला हे ठीक होते. पण डांबरी वा सिमेंटच्या रस्त्यावर असा ट्रॅक्टर आणणे म्हणजे रस्ता खणणे, म्हणून अमेरिकेत अनेक ठिकाणी त्याला मनाई झाली. चालकाची हाडे खिळखिळी होत ती गोष्ट वेगळीच. फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागायतदारांची अडचण याहून नाजूक होती. दात्यांनी झाडांची मुळे तुटत. तेव्हा त्यांनी मालमोटारींचे जुने टायर लोखंडी चाकांवर चढवून पाहिले. म्हणजे यंत्राच्या पायी रबर आले त्याचे एक कारण झाडाचे मूळ होते!

हवेचा टायर तोवर जुना झाला होता. रबर गंधकाबरोबर तापविले असता टिकाऊ होते, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. बेळगावकरांना हे साल दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथे काढलेल्या सायकलच्या दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मोजतात, तोही १८८८ पासूनच. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून मी काहीही सिद्ध करू इच्छित नाही. पण लोखंडी नांगर करणाऱ्या माणसाचे आधीचे काम सायकलच्या चाकांशी होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ट्रॅक्टरला मात्र हवेच्या टायरसाठी १९३२ पर्यंत थांबावे लागले. विस्कॉन्सिन राज्यातील ॲलिस-चामर्स कंपनीच्या ट्रॅक्टर विभागाचे प्रमुख हॅरी मेरिट यांनी फायरस्टोन कंपनीच्या साहाय्याने विमानाचे टायर आपल्या 'मॉडेल यू' ट्रॅक्टरवर बसविले आणि वॉकेशाजवळच्या एका दुग्धशेतीवर ते चालवून पाहिले. किल्ली होती कमी हवेत. चौरस इंचाला बारा-पंधरा पौंड एवढाच दाब ठेवला की टायर जमिनीवर पसरतो, अधिक माती धरतो आणि ती फारशी दाबत नाही. इंधन वाचले, वेग वाढला, शेतातून थेट रस्त्यावर जाता आले. तरीही शेतकरी सहजासहजी राजी होईनात. किंमत जास्त, आणि पंक्चरची भीती. तेव्हा कंपनीने १९३३ मध्ये ट्रॅक्टरच्या शर्यती भरविल्या. मोटारशर्यतींतले नामवंत बार्नी ओल्डफील्ड यांनी मुद्दाम वेगासाठी सिद्ध केलेला ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांहून अधिक वेगाने पळविला. नांगराच्या यंत्राचा हा तमाशा आज हास्यास्पद वाटेल, पण त्याने काम केले. पुढील काही वर्षांत रबर हेच ट्रॅक्टरचे नेहमीचे पाऊल झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानने १९४२ मध्ये मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर रबराचा तुटवडा पडला आणि काही काळ नवे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर बाहेर पडले, एवढी नोंद करून पुढे जातो.

घराच्या आवारातील लहान ट्रॅक्टर, ज्याला अमेरिकेत गार्डन ट्रॅक्टर म्हणतात, तो प्रामुख्याने युद्धानंतरच्या काळात पसरला. त्याचे पूर्वज आधीचे आहेत. पश्चिम व्हर्जिनियातील डनबार गावचे छायाचित्रकार बेंजामिन ग्रेव्हली यांनी मोटारसायकलच्या भागांतून एका चाकाचा 'मोटार-नांगर' केला आणि १९१६ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. परंतु बसून चालवायचा, गवत कापणारा, बर्फ लोटणारा, भाजीचा वाफा नांगरणारा छोटा ट्रॅक्टर रबराविना संभवतच नव्हता. लोखंडी दात्यांचे यंत्र हिरवळीवर कोण घालील? १९४६ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे एल्मर पाँड यांनी घरच्या गॅरेजात असे यंत्र करावयास घेतले. आरंभी त्यांनी मोटारींचे सुटे भाग वापरले. पुढे पुत्र सेसिल यांनी व्यवसाय वाढविला आणि 'व्हील हॉर्स' हे नाव प्रसिद्धीस आले. मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा 'कब कॅडेट' १९६१ चा, जॉन डिअरचा '११०' १९६३ चा. व्हील हॉर्स १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ मध्ये टोरो कंपनीकडे गेली.

साउथ बेंडमध्ये माझी कन्या राहते. २०१४ च्या शरद ऋतूत तेथे मुक्काम असताना शेजारचे एक वयस्क गृहस्थ आपल्या वडिलांनी घेतलेला, १९६० च्या दशकातला तांबडा व्हील हॉर्स दुरुस्त करीत होते. आठ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे कोहलर इंजिन त्यांनी आधीच चालू केले होते. उरली होती चाके. आठवडाभर मी त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसलो. पोथी सोडविताना जे डोळे लागतात तेच येथे लागतात, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले.

मागच्या टायरवर २३×८.५०-१२ असे आकडे होते : बाहेरचा व्यास २३ इंच, रुंदी साडेआठ, आणि १२ इंची रिम. पुढचे ४.८०/४.००-८. रबराला बोट जाईल अशा भेगा. ऊन, हवेतील प्राणवायू आणि ओझोन हे तिघे रबराचे वैरी. यंत्र नुसते छपराखाली उभे असले तरी त्यांचे काम चालूच राहते. लोखंड तेल लावून शंभर वर्षे राखता येते, रबर नाही.

प्रथम मागच्या आसावरून हब काढावयाचा. तो आसाशी खाचेतील चावीने आणि एका स्क्रूने जखडलेला असतो आणि पन्नास वर्षांच्या गंजाने एकजीव होतो. हातोडा मारला तर धक्का आत गिअरपेटीला जातो, म्हणून गृहस्थांनी गंज सोडविणारे तेल घालून तीन दिवस वाट पाहिली आणि मग पुलर लावून तो इंच-इंच ओढून काढला. नंतर व्हॉल्व्ह काढून हवा सोडली. टायरची तार भरलेली कड रिमला चिकटून बसली होती. ती साबणाच्या पाण्याने भिजवीत, दाब देत, सगळ्या परिघाभर थोडी थोडी सुटी केली. एकाच जागी पहार घालून जोर केला की रिमची कड वाकते आणि नवा टायर कधीच हवा धरत नाही.

टायर निघाल्यावर रिमच्या आतला इतिहास दिसला. वजन वाढवून पकड मिळावी म्हणून मागच्या टायरांत कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरण्याची तेथे रीत होती. ते थंडीत गोठत नाही. पण गळले की लोखंड खाते. एका रिमला व्हॉल्व्हभोवती चाळणी झाली होती, ती वितळजोड करून बुजवावी लागली. मग तारेचा ब्रश, लांबी, प्रायमर, रंग. रंगाचे तीन थर निघाले. सर्वांत खालचा मूळचा. वरचे दोन वडिलांच्या हातचे, ब्रशाचे ओरखडे स्पष्ट. गृहस्थांनी नवा रंग मूळ छटेचा दिला, पण रिमच्या आतल्या बाजूस हाताच्या पंजाएवढी जागा तशीच सोडली. कारण मी विचारले नाही.

नवे टायर चढविताना दोन गोष्टी पाहण्यासारख्या होत्या. मागच्या टायरवरच्या जाड तिरप्या पट्ट्यांचे टोक आधी जमिनीला लागले पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास ते वर रोखलेले दिसते. उलटे बसविले तर माती झटकली जात नाही आणि चाक घसरते. दुसरे असे की, गठ्ठा बांधून आलेला टायर चपटलेला असतो आणि त्याच्या कडा रिमला टेकत नाहीत. त्यांनी टायरच्या मधोमध पट्टा आवळला, कडा बाहेर फाकल्या, आणि हवा भरताच त्या खटकन जागेवर बसल्या. पट्टा सोडून दाब दहा पौंडांवर आणला. १९३२ मधली कमी हवेची युक्ती तेथे त्या लहान चाकातही होती.

याच सुमारास त्यांचे दोन मित्र आले आणि वाद झाला. त्यातल्या एकाचे म्हणणे, मूळ टायर काढावयासच नको होते. अस्सलपणा गेला, आता हे जुन्यासारखे दिसणारे नवे यंत्र. दुसऱ्याच्या मते सारेच झळझळीत करावे, इंजिनही नवे घालावे. मला आमच्या क्षेत्रातला वाद आठवला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांत भर पडत गेली होती म्हणून. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जो पाठ गाळला, तो तळटीपेत ठेवला. माझे मत विचारले तेव्हा मी म्हणालो की, अस्सलपणाचा प्रश्न भागाभागाला निराळा विचारावा. ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यावरचा ठसा बदलला तर यंत्राची ओळख जाते. टायर ही धाव आहे, ती बदलण्यासाठीच असते. भेगाळलेल्या टायरवर उभा ठेवलेला ट्रॅक्टर म्हणजे वाचता न येणारी पोथी पूजेत ठेवणे. मात्र जे काढले त्याची नोंद ठेवली पाहिजे. नोंद न ठेवता केलेला जीर्णोद्धार मला देवळांतही पटत नाही. गृहस्थांपाशी वही होती. टायरवरचे प्रत्येक अक्षर, आकडा, कारखान्याचे नाव त्यांनी उतरवून घेतले होते आणि एक जुना टायर भिंतीवर टांगला होता.

आता आपल्या भागाकडे. आपला पॉवर टिलर हा त्या यंत्राचा सख्खा भाऊ नव्हे, पण चुलत नाते आहे. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने १९६७ पासून जपानी मित्सुबिशीच्या सहकार्याने हे यंत्र आणले. खानापूर-चंदगडच्या भातखाचरात त्याची चाके पाहा. चिखलणीच्या वेळी टायर काढून लोखंडी जाळीची चाके चढवितात, कारण पाणथळ चिखलात रबर घसरते आणि लोखंडी पात्यांची चाके चिखल कालवीत पुढे जातात. बांधावर आल्यावर पुन्हा टायर. ट्रॅक्टरची तसली चाके रस्त्यावर आली की डांबर उखडते म्हणून तक्रारी होतात, त्याही अमेरिकेतल्या जुन्या तक्रारींसारख्याच. लोखंड गेले आणि रबर आले, असा सरळ इतिहास लिहू पाहणाऱ्याने एकदा पावसाळ्यात खानापुरास जावे.

यंत्रांची पहिली पिढी अजून काही गोठ्यांत आणि मांगरांत पडून आहे. काही घरांत बैलांचे जुने लोखंडी नांगरही सापडतील. भंगारवाला येतो तेव्हा प्रथम टायर काढतो आणि लोखंड वजनावर नेतो. वस्तूबरोबर तिचे आकडेही जातात. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत शेतकरी आहेत, गॅरेजवाले आहेत, छायाचित्रकार आहेत. त्यांनी आपापल्या घरच्या यंत्राची एक पानाची नोंद शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावी : यंत्राचे नाव, ठशातील क्रमांक, घेतल्याचे साल, टायरच्या बाजूवर उठविलेली सर्व अक्षरे, कोणता भाग केव्हा आणि कोणाकडून बदलला, आणि घरात त्या भागाला कोणता शब्द वापरीत. शेवटचा रकाना कृपया कोरा ठेवू नये.