विद्यार्थ्यांनीं विणलेलें जाळें

कॉलेजांतील मुलांच्या हातीं इंटरनेट आलें आणि तीं बिघडलीं, अशी तक्रार सुशिक्षित घरांतून वारंवार कानीं पडते. तींत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. परंतु हें जाळें विद्यार्थ्यांच्या हातीं मागाहून आलेलें नसून त्याचे पहिले धागे विद्यार्थ्यांनींच विणिले, आणि त्यास पहिला मोठा हिसका बसला तोही एका विद्यार्थ्याच्याच हातून, हें तक्रार करणारांस बहुधा ठाऊक नसतें.

इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशानें ‘आर्पानेट’ ह्या जाळ्यांत चार संस्थांचे संगणक जोडावयाचें ठरलें. ह्या यंत्रांनीं एकमेकांशीं कोणत्या रीतीनें बोलावें हें ठरविण्याचें काम मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका लहानशा मंडळीकडे आलें. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा स्टीव्ह क्रॉकर हा त्यांपैकीं एक. नियम घालून देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला, अशी धास्ती त्याला वाटे. म्हणून ७ एप्रिल १९६९ च्या पहिल्या टिपणास त्यानें ‘नियम’ न म्हणतां ‘अभिप्रायार्थ विनंती’ असें नांव दिलें. रात्रीं सोबत्यांची झोपमोड होऊं नये म्हणून तो न्हाणीघरांत बसून लिही. त्या मालेंतील टिपणें आजही त्याच नांवानें निघतात. संकोचापोटीं निघालेल्या नांवास एवढें आयुष्य क्वचितच लाभत असेल. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबरच्या रात्रीं चार्ली क्लाइन ह्या विद्यार्थ्यानें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या यंत्राकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्यास आरंभ केला. दोन अक्षरें पोंचलीं आणि तें यंत्र बंद पडलें! तासाभरानें तें दुरुस्त होऊन काम पुढें चाललें.

ही मंडळी एकमेकांस ओळखत होती. चाळींत बिऱ्हाडें थोडीं असलीं म्हणजे दारें उघडीं राहिलीं तरी चालतें. तसेंच येथेंही होतें. पुढें बिऱ्हाडें वाढलीं, पण दारें मात्र तशींच राहिलीं.

२ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळीं कॉर्नेल विद्यापीठाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस ह्यानें एक प्रोग्राम जाळ्यावर सोडला. इंग्रजींत त्यास ‘वर्म’, म्हणजे किडा, म्हणतात; त्यानें घाव घातला तो मात्र मराठींतल्या वर्मावरच. टपालाच्या प्रोग्रामांतील एक सताड राहिलेली खिडकी, यंत्रांचा परस्परांवरील विश्वास, आणि लोकांनीं निवडलेले सोपे पासवर्ड, ह्यांतून तो आंत शिरे; पासवर्ड ओळखण्यासाठीं ४३२ शब्दांची यादीच त्याच्यापाशीं होती. यंत्रांत आपला भाऊबंद आधींच आहे काय, असें तो विचारी. परंतु यंत्राचे रखवालदार खोटेंच ‘होय’ म्हणवतील ह्या शंकेनें मॉरिसनें अशी योजना केली होती कीं, दर सातव्या ‘होय’कडे दुर्लक्ष करून किड्यानें तेथेंच ठाण मांडावें. ह्या एका आंकड्यानें घात केला. एकाच यंत्रांत किड्यांच्या इतक्या प्रती जमल्या कीं यंत्र श्रमानेंच थकून बसे. त्या वेळच्या सुमारें ६०,००० यंत्रांपैकीं ६,००० बाधित झालीं असा अंदाज तेव्हां बांधण्यांत आला.

मॉरिसचें म्हणणें असें कीं, संरक्षणव्यवस्थेंतील उणिवा दाखवाव्या एवढाच आपला उद्देश होता. तें खरेंही असेल. परंतु उणिवा दाखवावयाच्या होत्या तर क्रॉकरची वाट मोकळी होती: टिपण लिहावें, खालीं नांव घालावें, अभिप्राय मागवावेत. बुद्धीनें हा क्रॉकरहून उणा नव्हता. त्यानें मात्र किडा कॉर्नेलहून न सोडतां मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या यंत्रावरून सोडला, तो उगम कळूं नये म्हणून. ज्या प्रयोगास कर्त्याचें नांव चालत नाहीं, त्या प्रयोगाविषयीं कर्त्याच्याच मनांत किंतु असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. हार्वर्डमधील एका मित्रानें क्षमायाचना व उपाय सांगणारा निनांवी संदेश धाडला. पण तुंबलेल्या जाळ्यांतून तो वेळेवर पोंचलाच नाहीं.

१९९० मध्यें ज्यूरीनें मॉरिसला दोषी ठरविलें. परवानगीवांचून आंत शिरणें बुद्ध्या घडलें एवढें पुरे, नुकसान बुद्ध्या केलें हें सिद्ध करण्याचें कारण नाहीं, हा अर्थ १९९१ मध्यें अपिलांतही कायम राहिला. शिक्षा तीन वर्षांची देखरेख, ४०० तास लोकसेवा आणि १०,०५० डॉलर दंड.

आपल्याकडे ‘अर्नेट’ हें शैक्षणिक जाळें १९८६ मध्यें सुरू झालें. मुंबईची आयआयटी त्याच्या पहिल्या संस्थांपैकीं एक. सामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं जाळें पाहिलें तें दारांस कुलुपें लागल्यावर. त्यामुळें कुलुप नसेल तें घ्यावयाचेंच, मग तो दुसऱ्याचा निबंध असो कीं छायाचित्र, असा समज झाला तर नवल नाहीं. उघड्या दारापाशीं थांबून हांक मारण्याची रीत त्यांना कोणी दाखविली आहे?

मॉरिसनें पुढें हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली; आणि ज्या संस्थेच्या आडून त्यानें किडा सोडला होता, तिनेंच त्याला प्राध्यापक नेमलें.