एलियट, मिसी
एलियट, मिसी : (१ जुलै १९७१ – ). अमेरिकन रॅपर, गीतकार व निर्माती. मूळ नाव मेलिसा आर्नेट एलियट. जन्म व्हर्जिनिया राज्यातील पोर्ट्‌स्मथ येथे. ‘सिस्टा’ या गटातून तिने सुरुवात केली. पण गटाचा अल्बम रखडला आणि ती बालमित्र टिंबलंडसोबत इतरांसाठी गाणी रचू लागली. गायिका आलियाच्या ‘वन इन अ मिलियन’ (१९९६) या अल्बममुळे या जोडीचा बोलबाला झाला.

‘सुपा डुपा फ्लाय’ (१९९७) हा तिचा पहिला स्वतंत्र अल्बम. त्यातील ‘द रेन’च्या व्हिडिओत ती हवा भरून टम्म फुगवलेल्या काळ्या चकचकीत पोशाखात डुलते. स्त्री कलाकाराने सडपातळ दिसावे, या दंडकाची इतकी खेळकर टर क्वचितच कुणी उडवली असेल. ‘गेट युअर फ्रीक ऑन’ (२००१) हे गाणे भारतीय कानांना ओळखीचे वाटते. त्याचा कणा म्हणजे पंजाबी तुंबीची सहा स्वरांची धून. तुंबी एकतारी, आपल्या तुणतुण्याच्या नात्यातली. या गाण्याला ग्रॅमी मिळाले. ‘वर्क इट’मध्ये (२००२) तर एक ओळ चक्क उलटी वाजते.

‘द कुकबुक’नंतर (२००५) तिचा पूर्ण लांबीचा अल्बम आला नाही. ग्रेव्ह्‌ज या थायरॉइडच्या विकाराने तिचे हात इतके थरथरत, की पेन धरणे अवघड होई. सॉंगरायटर्स हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेली ती पहिली स्त्री रॅपर (२०१९). रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्येही तोच मान तिला मिळाला (२०२३). मुख्य कलाकार म्हणून तिचा पहिला दौरा मात्र २०२४ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी निघाला.