गोलित्साच्या दोन बाजू : एक धून, दोन नावे

१/१३
स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील कारावांकन पर्वतरांगेत सुमारे १,८३५ मीटर उंचीचा एक डोंगर आहे. स्लोव्हेन भाषेत त्याचे नाव गोलित्सा, जर्मनमध्ये काल्कोगेल. दोन्ही नावांचा रोख एकच : उघडाबोडका माथा. या डोंगराच्या नावाने बांधलेली अकॉर्डियनची एक पोल्का धून सीमेच्या दोन्ही बाजूंना घरोघरी पोहोचली. तिच्या नावामागे मात्र विसाव्या शतकाचा बराचसा इतिहास दडला आहे. #इतिहास #थ्रेड

२/१३
सुरुवात वाद्यापासून. मे १८२९ मध्ये व्हिएन्नातील आर्मेनियन वंशाचे वाद्यनिर्माते सिरिल डेमियन यांनी आपल्या मुलांसह एका छोट्या पेटीचे पेटंट घेतले. तिची एक कळ दाबली की अनेक सुरांचा मेळ, म्हणजे ‘अकॉर्ड’, एकदम निघे. त्यावरूनच ‘अकॉर्डियन’ हे नाव पडले. भात्याच्या हवेने धातूची पट्टी कंप पावते, हे तिचे तत्त्व. मराठी रंगभूमीला परिचित असलेली पेटीही याच तत्त्वावर बोलते.

३/१३
आल्प्सच्या खेड्यापाड्यांत रुजली ती बटणांची अकॉर्डियन. ऑस्ट्रियात तिला ‘श्टायरिशे हार्मोनिका’ म्हणतात, स्लोव्हेनियात ‘फ्रायटोनारित्सा’. भाता दाबला तर एक सूर, ओढला तर त्याच बटणातून बहुधा दुसरा. दाबताना मूळ मेळातील स्वर हाती येतात, ओढताना त्यांना उत्तर देणारे. म्हणूनच या धुना स्वरांच्या पायऱ्या ओळीने चढण्यापेक्षा मेळातील स्वरांवरून उड्या घेत जातात. वाद्याची मर्यादाच येथे शैली झाली.

४/१३
डाव्या हाताचे भरदार खर्जाचे सूर हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. त्यामुळे ज्या लग्नाला पूर्वी अनेक वादक लागत, तेथे एकाच वादकावर रात्रभराचा नाच निभावू लागला. फिडल आणि काठ्यांनी वाजवायचे तारवाद्य ‘ओप्रेकेल’ हळूहळू मागे पडले. वादन बहुधा कानाने शिकले जाई. पुढे अशी लिपीही आली की, जी कोणता सूर निघेल हे न सांगता कोणते बटण दाबावे एवढेच सांगते.

५/१३
नाच मुख्यतः दोन. वॉल्ट्झ तीन मात्रांचा : पहिल्या मात्रेवर खर्ज, पुढच्या दोहोंवर मेळ. त्याचे कूळ आल्प्समधील लेंडलर या लोकनृत्यापर्यंत जाते. पोल्का दोन मात्रांचा. तो १८३० च्या दशकात बोहेमियात पुढे आला आणि १८४० च्या दशकात पॅरिसच्या नृत्यगृहांनाही त्याने वेड लावले. पेटी व्हिएन्नाची, एक नाच बोहेमियाचा, दुसरा आल्प्सचा. या संगीताला एकच जन्मभूमी नाही.

६/१३
१९१८ पर्यंत हा प्रश्नही फारसा उद्भवला नाही, कारण ही सारी भूमी हॅब्सबर्ग साम्राज्यात होती. साम्राज्य कोसळले आणि सीमा आखाव्या लागल्या. १० ऑक्टोबर १९२० रोजी दक्षिण कॅरिंथियात सार्वमत झाले. तेथे स्लोव्हेनभाषक बहुसंख्य होते. तरीही सुमारे ५९ टक्के मते ऑस्ट्रियाच्या बाजूने पडली. कारावांकनची रांग सीमा झाली आणि तिच्या उत्तरेचे स्लोव्हेन अल्पसंख्याक ठरले.

७/१३
गोलित्सापासून फार दूर नसलेले बेगुन्ये हे गोरेन्यस्का प्रांतातील गाव. तेथील एका खानावळवाल्या कुटुंबात १९२९ मध्ये स्लाव्को आवसेनिक यांचा जन्म झाला. ते अकरा वर्षांचे असताना, एप्रिल १९४१ मध्ये, नाझी जर्मनीने हा प्रांत व्यापला. शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार झाली. बेगुन्येतील जुन्या वाड्यात गेस्टापोने तुरुंग थाटला. १९४५ पर्यंत अकरा हजारांहून अधिक बंदी तेथून गेले. शेकडो ओलिसांना गोळ्या घालण्यात आल्या.

८/१३
या प्रांताचे जर्मन नाव ‘ओबरक्राइन’. नाव हॅब्सबर्ग काळापासूनचे, जुनेच. परंतु व्यापलेल्या वर्षांत तेच सत्तेचे नाव झाले. गोरेन्यस्कातील माणसाच्या कानी त्यानंतर ते पूर्वीसारखे निर्विकार राहणे कठीण होते. पुढे जे घडले त्याचे नवल येथूनच सुरू होते.

९/१३
१९५३ मध्ये स्लाव्को यांनी आपला संच उभारला आणि रेडिओ ल्युब्लियानावरून त्याचे वादन सुरू झाले. संगीताचे विधिवत शिक्षण घेतलेले थोरले बंधू विल्को यांनी रचनांना आकार दिला. अकॉर्डियन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, गिटार आणि खर्जासाठी बॅरिटोन : हा पाच वाद्यांचा साचा पुढे शेकडो संचांनी उचलला. बंधूंच्या नावावर सुमारे एक हजार रचना आहेत.

१०/१३
त्यांतील सर्वांत गाजलेली धून ‘ना गोलित्सी’, म्हणजे ‘गोलित्सावर’. ती १९५० च्या दशकाच्या मध्यातली. जर्मनभाषक श्रोत्यांकडे ती ‘ट्रॉम्पेटनएको’, म्हणजे ‘ट्रम्पेटचा प्रतिध्वनी’, या नावाने गेली. सूर तेच राहिले. डोंगर नावातून गळाला. संचाचे नावही जर्मनमध्ये झाले ‘ओरिगिनाल ओबरक्राइनर’. ज्या नावाने गावावर राज्य केले होते, त्याच नावाने त्या गावचा वादक ऑस्ट्रिया आणि जर्मनीत लाडका झाला.

११/१३
म्हणून संगीताने जखमा भरल्या असे म्हणावे काय? १९५५ च्या राज्य-तहाने ऑस्ट्रियातील स्लोव्हेनांना द्विभाषिक फलकांचा हक्क दिला होता. १९७२ मध्ये कॅरिंथियात २०५ ठिकाणी असे फलक लावण्याचे ठरले. त्या शरद ऋतूत जमावांनी ते उखडून टाकले. ओबरक्राइनर शैली तेव्हा ऑस्ट्रियात ऐन भरात होती. स्लोव्हेन धून चालत होती; गावाच्या वेशीवर स्लोव्हेन अक्षरे खपत नव्हती.

१२/१३
स्लोव्हेनियात याच सुमारास बटणांची पेटी पुन्हा मानाने पुढे आली. आवसेनिक पियानोसारख्या पट्ट्यांची अकॉर्डियन वाजवत. लोय्झे स्लाक यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या संचात मात्र खेड्यातली फ्रायटोनारित्सा केंद्रस्थानी होती. १९६९ पासून प्तुय शहरात या संगीताचा महोत्सव भरू लागला. बाहेर ‘ओबरक्राइनर’ म्हणून विकल्या गेलेल्या या प्रकाराला घरात स्वतःचे नाव होते : ‘नारोद्नोझाबाव्ना’, लोकरंजनाचे संगीत.

१३/१३
फलकांचा वाद २०११ मध्ये १६४ ठिकाणांच्या तडजोडीवर मिटला. सार्वमतानंतर त्याला नव्वद वर्षे लागली. धुनेला डोंगर ओलांडायला एक रेडिओ केंद्र पुरले. शेजाऱ्याच्या गाण्यावर नाचणे सोपे असते, कारण त्यासाठी काही सोडावे लागत नाही. त्याच्या भाषेला आपल्या वेशीवर जागा देणे ही निराळी गोष्ट होय. गोलित्साची धून आजही दोन्ही नावांनी वाजते.