मालमत्तेचे लग्न

इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्याला श्रीमंत घराण्यातील वारसदार मुलगी मोठी भाग्यवान वाटते. परंतु अठराव्या शतकातील इंग्रजी कायदा पाहिला तर चित्र वेगळे दिसते. लग्न होताच पत्नीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होते, असे विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ साली नमूद केले. तिचा पैसाअडका, दागदागिने नवऱ्याचे होत. तिच्या जमिनीचे उत्पन्नही तोच घेई. म्हणजे वारसदार कन्या ही मालमत्तेची मालकीण नव्हती. एका पुरुषाची मालमत्ता दुसऱ्या पुरुषाकडे जाण्याची ती केवळ वाट होती.

मेरी एलिनॉर बोज हिचे उदाहरण घ्या. डरहॅमच्या कोळसा खाणींवर श्रीमंत झालेल्या जॉर्ज बोज यांची ती एकुलती एक मुलगी. १७६० साली बाप वारला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जावयाने बोज हे आडनाव लावले पाहिजे, ही बापाची अट. १७६७ साली स्ट्रॅथमोरच्या नवव्या अर्लने ती मानली. एका जुन्या उमराव घराण्याने बायकोचे आडनाव स्वीकारले, यात स्त्रीचा सन्मान शोधू नये. नाव बापाचे होते आणि मान खाणीचा होता.

१७७६ साली अर्ल वारला. पुढच्याच वर्षी अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी या आयरिश लेफ्टनंटाने तिला फसवले. तिच्या अब्रूसाठी द्वंद्व खेळून आपण मरणाला टेकलो आहोत, असे सोंग त्याने आणले. तिने दयेपोटी लग्न केले आणि मरणारा माणूस उठून बसला! मात्र लग्नाआधीच तिने विश्वस्तपत्र करून आपली संपत्ती राखून ठेवली होती. हे कळताच त्याने मारहाण करून, दहशत घालून ते रद्द करून घेतले. आठ वर्षांच्या छळानंतर, १७८५ साली, मेरी मॉर्गन या मोलकरणीच्या मदतीने ती पळाली. १७८६ मध्ये त्याने तिला लंडनमधून दिवसाढवळ्या पळवून नेले. अखेर तिला सोडवले ते शेतात राबणाऱ्या माणसांनी.

१७८९ साली ती खटले जिंकली. तिला नवऱ्यापासून विभक्त राहण्याची मुभा मिळाली, विश्वस्तपत्रही कायम झाले. पण न्यायालयात वाद कशावर चालला? बाईने लग्नापूर्वी आपलीच संपत्ती आपल्यासाठी राखली, ही भावी नवऱ्याची फसवणूक ठरते काय, यावर! बाईच्या अंगावरच्या वळांइतकेच महत्त्व नवऱ्याच्या या 'हक्का'ला होते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विश्वस्तपत्राची ही पळवाट वकील लावू शकणाऱ्या घरांतील मुलींसाठीच होती. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या, सूत काढणाऱ्या विवाहित बाईची मजुरी कायद्याने तिच्या नवऱ्याचीच राहिली. १८७० साली पार्लमेंटने ती तिची ठरवली. सर्व मालमत्तेवरचा हक्क मिळायला १८८२ साल उजाडावे लागले. श्रीमंत मुलीच्या बापाने जे कागदावर विकत घेतले, त्यासाठी गरीब बाईला शतकभर थांबावे लागले.

आणि ही संपत्ती निर्माण कोणी केली? डरहॅमचे खाणमजूर वर्षावर्षाच्या करारपत्राने मालकाशी बांधलेले असत. सही येत नसे तो फुली मारी. मुदतीआधी काम सोडले तर तुरुंग. त्यांची पोरेही अंधारात राबत. बोज घराण्याच्या चरित्रांत त्या फुल्यांना नावे नाहीत.

मेरी एलिनॉरच्याच वंशात जन्मलेली एलिझाबेथ बोज-लायन १९३६ साली इंग्लंडची राणी झाली. खाणीतला पैसा लग्नाच्या वाटेने राजवाड्यापर्यंत पोहोचला. मेरी एलिनॉरच्या दुःखाविषयी आपल्याला सहानुभूती असलीच पाहिजे. गुलामी रेशमी वस्त्रांतलीही गुलामीच असते. पण तिचा इतिहास लिहिताना मेरी मॉर्गनला आणि फुली मारणाऱ्या त्या हातांना वगळले, तर तो पुन्हा मालमत्तेचाच इतिहास होईल, माणसांचा होणार नाही.