पेढीवरून कायदेमंडळात

भडगावचा माणूस मुंबईस जावयाचा तर बहुधा कजगावास गाडी धरतो. तो लोहमार्ग मुंबई इलाख्यात यावा म्हणून १८४५ साली जे नागरिक पुढे सरसावले, त्यांत सर जमशेटजी जिजीभाईंच्या जोडीस एक मराठी व्यापारी होता. जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना शंकरशेट.

व्यापाऱ्याने राजकारणात पडावे, ही गोष्ट जगाला नवी नव्हती. अमेरिकेत बोस्टनच्या जॉन हॅन्कॉकला १७६४ मध्ये चुलत्याची पेढी मिळाली आणि दोनच वर्षांत लोकांनी त्याला वसाहतीच्या विधिमंडळात निवडून दिले. पुढे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या काँग्रेसचा तो अध्यक्ष झाला. नानांचा जन्म १८०३ चा. १८२२ मध्ये वडील वारले आणि विशीच्या आतच पेढीचा भार त्यांच्यावर पडला. परंतु हॅन्कॉकपाशी निवडणूक होती. नानांपाशी होती ती केवळ बाजारातील पत.

ती पत त्यांनी सार्वजनिक कामी लावली. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा हट्ट धरून बसले असता नानांनी देशी भाषांची बाजू लढविली. मुलींच्या शाळेस आपल्या वाड्यात जागा दिली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते अध्यक्ष. राज्यकारभारात हिंदी लोकांना स्थान असावे, असा अर्ज या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडला. दहा वर्षांनी, १८६२ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात पहिले हिंदी सभासद बसले. त्यांत स्वतः नाना होते.

मात्र ही जागा गव्हर्नराच्या नेमणुकीची होती, हे विसरून चालणार नाही. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण तो पिकविणाऱ्या खानदेशी कुणब्याला, आपल्या वतीने तेथे कोणी बोलावे, हे कोणी विचारले नाही. १८६५ च्या जुलैत मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नाना निवर्तले.

मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हे नानांनी सरकारदरबारी मान्य करविले; त्यांचे खरे श्रेय हेच. निवडण्याचा हक्क मात्र सरसकट साऱ्या प्रौढांच्या हाती येण्यास १९५१-५२ ची सार्वत्रिक निवडणूक यावी लागली.